घरच्या कॉम्प्युटरचा विजेचा हिशेब

वीजबिल नेहमीपेक्षा चारपाचशे रुपयांनी वाढून आलं की घरातला पहिला संशय कॉम्प्युटरवर जातो. तो डोळ्यांसमोर असतो, त्याचा पंखा घरघरत असतो आणि त्याच्यासमोर बसलेलं माणूस तासन्‌तास उठत नाही. त्याच घरात न्हाणीघरातला २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालू राहिला, तर एक युनिट गेलं हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तेवढ्याच एका युनिटवर २० वॅट घेणारा लॅपटॉप ५० तास चालतो. म्हणून कॉम्प्युटर निर्दोष ठरतो असं नाही. काही घरांत तो खरोखरच महिन्याला पाचसहाशे रुपयांची वीज खातो. तुमच्या घरात तो किती खातो, हे घरबसल्या काढता येतं. त्यासाठी वीजमीटर, सेकंदाचं घड्याळ आणि मागच्या महिन्याचं बिल एवढंच लागतं.

मूळ गणित शाळेतलंच आहे. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. वॅटला तासांनी गुणा, १००० ने भागा, युनिटं मिळतात. युनिटला दराने गुणलं की रुपये. गुणाकारात कुणी चुकत नाही. चूक होते ती त्यात घातल्या जाणाऱ्या दोन आकड्यांत. वॅट किती धरायचे आणि दर कोणता धरायचा, हे दोन्ही आकडे बहुतेक लोक चुकीच्या जागेवरून उचलतात. हा लेख त्या दोन आकड्यांबद्दलच आहे.

वॅटचा आकडा

कॉम्प्युटरचा डबा उघडला की आत एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या खोक्यावर, ४५० वॅट लिहिलेलं दिसतं. लगेच हिशेब मांडला जातो: ४५० वॅट, रोज ८ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे जवळजवळ ९४ युनिटं! हा आकडा ऐकून घरात रण माजतं, आणि तो पूर्ण चुकीचा असतो. एसएमपीएसवरचा आकडा त्याची जास्तीत जास्त ताकद सांगतो. आतल्या भागांनी मागितले तर तो ४५० वॅटपर्यंत देऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. आतले भाग मागतात त्यापेक्षा फार कमी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा डेस्कटॉप वर्ड, एक्सेल, ब्राउझर, टॅली अशा कामांत साधारण ४० ते ७० वॅट घेतो. २२ ते २४ इंची एलईडी मॉनिटर १५ ते ३० वॅट घेतो. म्हणजे दोन्ही मिळून छताच्या एका जुन्या पंख्याएवढे किंवा त्याहून थोडे जास्त.

लॅपटॉपच्या अडॅप्टरवर तर दोन सापळे असतात. एका ओळीत आउटपुट लिहिलेलं असतं, समजा १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर. त्यांचा गुणाकार ६५ वॅट येतो आणि ती अडॅप्टरची कमाल मर्यादा असते. दुसऱ्या ओळीत इनपुट असतं, १०० ते २४० व्होल्ट आणि १.७ अँपिअर असं काहीसं. आपल्याकडचे २३० व्होल्ट घेऊन १.७ ने गुणलं तर ३९१ वॅट येतात, आणि लॅपटॉप म्हणजे मिक्सर वाटू लागतो. इनपुटच्या ओळीतला अँपिअरचा आकडा सर्वांत कमी व्होल्टेजला होणाऱ्या सर्वाधिक प्रवाहाचा असतो. आपल्या २३० व्होल्टशी तो गुणायचाच नसतो. प्रत्यक्षात बॅटरी भरलेली असताना साधं काम करणारा लॅपटॉप १० ते २५ वॅटवर चालतो. बॅटरी रिकामी असेल तर तासदीड तास तो ५०-६० वॅटवर जातो आणि मग पुन्हा खाली येतो. म्हणून लॅपटॉपच्या बाबतीत एका क्षणाचं मोजमाप उपयोगाचं नाही, पूर्ण दिवसाचं हवं.

प्रोसेसरच्या जाहिरातीतला वॅटचा आकडाही फसवतो, पण उलट दिशेने. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची मूळ पातळी १२५ वॅट सांगितलेली आहे, पण जोरात चालताना तो २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ग्राफिक्स कार्डांत एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं, आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं आणि आरटीएक्स ४०९० तब्बल ४५० वॅटचं. गेम खेळताना, व्हिडिओ रेंडर करताना, थ्रीडीचं काम करताना हे आकडे खरे होतात. त्याच यंत्रावर मेल वाचत बसलात तर ते कार्ड बहुतांश वेळ झोपलेलं असतं. सारांश असा, की कोणत्याही पाटीवरून खप कळत नाही. तो मोजावा लागतो.

मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग. बोर्डाच्या सॉकेटमध्ये तो लावायचा आणि त्यात कॉम्प्युटरची एक्स्टेन्शन जोडायची, म्हणजे डबा, मॉनिटर, स्पीकर, सगळ्यांचं एकत्र मोजमाप होतं. घेताना एवढंच बघा, की त्यावर वॅटबरोबर साठलेली युनिटंही दिसतात का. कारण खरा उपयोग युनिटच्या आकड्याचा आहे. आठवडाभर तो तसाच लावून ठेवा. सोमवारचं काम, रविवारचा सिनेमा, मध्ये विसरलेला तासभर, सगळं त्यात आपोआप येतं. आठवड्याच्या युनिटला ७ ने भागून ३० ने गुणलं की महिना झाला.

असं यंत्र विकत घ्यायचं नसेल, तर घराबाहेर किंवा इमारतीच्या मीटर रूममध्ये एक उत्तम मोजमापयंत्र आधीच लागलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ इंग्रजीत बारीक अक्षरांत ३२००, १६०० किंवा ६४०० असा एखादा आकडा आणि पुढे 'इम्प पर केडब्ल्यूएच' असं लिहिलेलं असतं. ३२०० याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. यावरून वॅट असे काढायचे: ३६ लाखांना त्या आकड्याने भागा, आणि आलेल्या संख्येला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा. ३२०० च्या मीटरसाठी ३६ लाख भागिले ३२०० म्हणजे ११२५, आणि १६०० च्या मीटरसाठी २२५०. ही संख्या एकदाच काढून वहीत लिहून ठेवायची.

आता प्रत्यक्ष काम. घरातले पंखे, दिवे, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एसी, वॉटर प्युरिफायर असं सगळं स्विचवर बंद करा. फ्रिजचाही प्लग दहापंधरा मिनिटांसाठी बंद करा, नाहीतर त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होऊन सगळं मोजमाप बिघडतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरी भरलेली हवी आणि तोही तेवढ्यापुरता बंद हवा. कॉम्प्युटर चालू ठेवून नेहमीचं काम करत राहा. एकाने वर कॉम्प्युटरवर बसायचं, दुसऱ्याने खाली मीटरजवळ उभं राहून फोनच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुकींचा वेळ घ्यायचा. पहिली लुकलुक दिसली की घड्याळ सुरू करा आणि ती शून्य धरून पुढे दहा मोजा. समजा, ११२ सेकंद लागले. म्हणजे एका लुकलुकीला ११.२ सेकंद. ११२५ भागिले ११.२ केलं की साधारण १०० वॅट येतात. मग कॉम्प्युटर आणि मॉनिटर बंद करून पुन्हा मोजा. राउटर, दारावरची बेल, कुठेतरी लावलेला चार्जर असं काहीबाही उरतंच. समजा, आता पाच लुकलुकींना ३७५ सेकंद लागले, म्हणजे एकीला ७५, म्हणजे १५ वॅट. वजाबाकी केली की कॉम्प्युटरचे ८५ वॅट हाती आले. पाटीवर ४५० होते.

मीटरकडे फक्त बघायचं. त्याचं सील, झाकण, वायर यांना हात लावायचा नाही. मीटर रूममध्ये लहान मुलाला एकटं पाठवू नये. एमसीबी पाडून खोल्या बंद करायच्या असतील, तर आधी कॉम्प्युटर कोणत्या एमसीबीवर आहे ते बघा आणि काम सेव्ह करून ठेवा.

ज्यांच्याकडे क्लॅम्प मीटर आहे किंवा ओळखीचा वायरमन तो घेऊन येतो, त्यांनी एक गोष्ट जपावी. क्लॅम्पने अँपिअर कळतात. ते २३० ने गुणून येणाऱ्या आकड्याला व्होल्ट-अँपिअर म्हणतात, वॅट नव्हे. जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरमधला खऱ्या वॅटचा हिस्सा, ०.६५ च्या आसपास असू शकतो. क्लॅम्पवर ०.५५ अँपिअर दिसले तर गुणाकार १२६ येतो, पण खरे वॅट ८२ च असतात. घरगुती ग्राहकाचं बिल खऱ्या वॅटवर, म्हणजे युनिटवर येतं. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं आणि तो ३६० वॅटपर्यंतच भार घेतो, त्यामागे हाच फरक आहे. कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसरचे वॅट दाखवणारी सॉफ्टवेअरंही असतात. ती फक्त चिपचं सांगतात. मदरबोर्ड, डिस्क, पंखे, मॉनिटर आणि एसएमपीएसमध्येच उष्णता होऊन जाणारी वीज त्यात धरलेली नसते.

दराचा आकडा

दरात होणारी चूक जास्त खोल आहे, आणि ती हिशेबी माणसंही करतात. एकूण बिलाला युनिटने भागायचं, येईल तो सरासरी दर धरायचा आणि कॉम्प्युटरच्या युनिटला लावायचा. हा दर एका प्रश्नासाठी बरोबर आहे आणि दुसऱ्यासाठी चूक.

महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. महावितरणचे टप्पे १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो. बिल हातात घेऊन पाहिलं तर वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार हे युनिटप्रमाणे वाढतात. स्थिर आकार कॉम्प्युटर लावला न लावला तरी द्यावाच लागतो. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून कॉम्प्युटरसाठीचा दर काढताना स्थिर आकार सोडून द्या, बाकीच्या तिन्हींचा तुमच्या टप्प्यातला प्रतियुनिट दर एकत्र करा आणि १.१६ ने गुणा. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचं बिल असेल तर दर वेगळे. गोव्यात टप्पेही वेगळे, कारण तिथले दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. रीत सगळीकडे हीच. दर वरचेवर बदलतात, त्यामुळे वर्षापूर्वीचं बिल चालणार नाही.

हिशेब समजण्यापुरते आपण सगळं धरून पहिल्या टप्प्यात युनिटला ७ रुपये, दुसऱ्यात १३ आणि तिसऱ्यात १८ धरू. तुमचे खरे आकडे तुमच्या बिलावर आहेत, ते इथे घाला.

वरचा ८५ वॅटचा कॉम्प्युटर रोज ८ तास, महिन्याचे २६ दिवस चालला की सुमारे १८ युनिटं होतात. आता तीन घरं घ्या. पहिल्या घरात कॉम्प्युटर सोडून ९५ युनिटं जळतात. कॉम्प्युटरने ती ११३ झाली. त्यातली ५ पहिल्या टप्प्यात बसली, १३ दुसऱ्यात गेली, म्हणजे ३५ आणि १६९, एकूण २०४ रुपये. दुसऱ्या घरात आधीच १८० युनिटं आहेत. तिथे सगळी १८ युनिटं १३ रुपयांनी, म्हणजे २३४. तिसऱ्या घरात दोन एसी आहेत आणि ३२० युनिटं जातात. तिथे तोच कॉम्प्युटर, तेवढेच तास, आणि खर्च ३२४. घर बदलायचीही गरज नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात कूलर आणि एसी सुरू झाले की घर वरच्या टप्प्यात ढकललं जातं, आणि डिसेंबरात २३४ रुपयांना पडणारा कॉम्प्युटर मे महिन्यात ३२४ ला पडतो. त्याचा वापर मिनिटभरही वाढलेला नसतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. १०० युनिटं ओलांडली की सगळीच युनिटं महाग दराने लागतात, असं पुष्कळ लोक मानतात आणि महिनाअखेरीला उगाच घाबरून दिवे मालवत बसतात. तसं नसतं. पहिल्या १०० युनिटांचा दर तोच राहतो, वरच्यांनाच पुढचा दर लागतो. बिलाचे दिवसही बघा. ३५ दिवसांचं बिल आणि २८ दिवसांचं बिल यांची तुलना करायची असेल तर दोन्हींची रोजची युनिटं काढून करा.

आता ते दोन प्रश्न. कॉम्प्युटर बंद ठेवला तर बिल कितीने कमी होईल, हा पहिला. याला शेवटच्या टप्प्याचा दर लावायचा (त्या टप्प्यातली युनिटं पुरली नाहीत तर उरलेल्यांना खालच्या टप्प्याचा), कारण कमी होणारी युनिटं वरूनच कमी होतात. घरच्या एकूण बिलात कॉम्प्युटरचा वाटा किती, हा दुसरा. त्याला सरासरी दर. कारण कुणाची युनिटं आधीची आणि कुणाची नंतरची, हे ठरवायला काहीच आधार नाही. शेवटचं युनिट कॉम्प्युटरचं म्हणायचं, की फ्रिजचं, की आजोबांच्या पंख्याचं?

पुण्यात फ्लॅट वाटून राहणाऱ्या मुलांमध्ये यावरून खरोखर वाद होतात. समजा चौघांपैकी एक जण गेम खेळणारा आहे. त्याचा कॉम्प्युटर गेमच्या वेळी ३५० वॅट घेतो, रोज ३ तास, आणि इतर वेळी ९० वॅट, रोज ४ तास. महिन्याला ३१.५ आणि १०.८, म्हणजे साधारण ४२ युनिटं. फ्लॅटचं एकूण बिल १८० युनिटांचं. आपल्या धरलेल्या दरांनी ७०० अधिक १०४०, आणि शुल्कासह स्थिर आकाराचे १५० धरून १८९० रुपये. सरासरी युनिटला साडेदहा. त्याचा न्याय्य वाटा ४२ गुणिले साडेदहा, म्हणजे ४४१. तो गावी गेला आणि कॉम्प्युटर महिनाभर बंद राहिला तर मात्र बिल ५४६ रुपयांनी उतरेल. दोन्ही आकडे खरे आहेत. ४४१ हा त्याने भरावयाचा वाटा, आणि ५४६ हा त्याने खेळणं थांबवलं तर होणारी बचत. माझ्या मते वाटणीच्या वेळी ५४६ मागणं त्या मुलावर अन्याय आहे, आणि बचतीच्या वेळी ४४१ धरणं हा हिशेबातला दोष आहे.

घरी डीटीपी, भाषांतर किंवा अकाउंटचं काम करणाऱ्यांनी आपल्या कामाची किंमत ठरवताना शेवटच्या टप्प्याचा दरच धरावा. ते काम घेतलं नसतं तर ती युनिटं जळली नसती. ८५ वॅटच्या यंत्राचा तास दुसऱ्या टप्प्यातही रुपया-सव्वा रुपयाच्या पुढे जात नाही. कामाच्या मोबदल्यात विजेचा वाटा इतका छोटा असतो, हे कळल्यावर वेळेचं मोल लावायला धीर येतो.

जी वीज कामाविना जाते

कामाच्या ८ तासांचे २३४ रुपये मी कुणालाही वाचवायला सांगणार नाही. त्यातून मुलाचा अभ्यास होतो, कुणाची रोजीरोटी चालते. माझा राग उरलेल्या १६ तासांवर आहे. मॉनिटर काळा झाला म्हणून कॉम्प्युटर बंद आहे असं समजून तो रात्रभर सोडला जातो. नुसता चालू असलेला डबा ५५ वॅट घेत असेल, तर रोज १६ तासांप्रमाणे महिन्याला २६ युनिटं होतात. दुसऱ्या टप्प्यात ३४० रुपये. म्हणजे कामाच्या १८ युनिटांपेक्षा बिनकामाची २६ युनिटं जास्त! ज्या घरी डेस्कटॉप आहे, तिथे सगळ्यात आधी हेच बघावं.

उपाय फुकट आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये १०-१५ मिनिटांनी स्क्रीन बंद आणि अर्ध्या तासाने स्लीप लावून ठेवा. स्लीपमध्ये बहुतेक डेस्कटॉप एक ते पाच वॅट घेतात. दोन वॅट धरले तर महिन्याभरात एक युनिटही होत नाही, त्यामुळे रोज पूर्ण बंद करण्याचा हट्ट धरू नका. जिथे वीज वारंवार जाते तिथे मात्र हायबरनेट बरं. स्लीपमध्ये काम मेमरीत असतं आणि वीज गेली की जातं, हायबरनेटमध्ये ते डिस्कवर उतरवलेलं असतं. चालू-बंद करताना जास्त वीज लागते म्हणून तो चालूच ठेवावा, ही समजूत खोटी आहे. सुरू होतानाचा झटका काही क्षणांचा असतो. फिरत्या चित्रांचा स्क्रीनसेव्हरही वीज वाचवत नाही. जुन्या काचेच्या मॉनिटरवर चित्राचा डाग पडू नये म्हणून तो आला होता.

यूपीएस आणि राउटर यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. यूपीएस स्वतःसाठी ८ वॅट घेत असेल तर २४ तासांनी महिन्याला जवळजवळ ६ युनिटं, राउटरही तेवढाच. राउटर बंद करा असं मी म्हणत नाही. आज घरातला निम्मा कारभार त्याच्यावर आहे. यूपीएस मात्र, कॉम्प्युटर स्लीपमध्ये नसून पूर्ण बंद किंवा हायबरनेट केलेला असेल तर, रात्री स्विचवर बंद करायला हरकत नाही, दिवसभरात त्याची बॅटरी भरते. घरचा मोठा इन्व्हर्टर असेल तर वीज नसतानाच्या तासांचा खर्च जास्त धरा, कारण बॅटरीत भरून परत काढताना साधारण चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा वीज वाटेतच जाते.

एसीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला आणखी एक छुपा खर्च असतो. कॉम्प्युटरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता बनून त्याच खोलीत पडते आणि एसीला ती बाहेर काढावी लागते. स्टार लेबलवर एसीचा आयएसईईआर, म्हणजे कार्यक्षमतेचा आकडा, ३.५ असेल, तर गेमिंग कॉम्प्युटरच्या ३५० वॅटमागे एसी साधारण १०० वॅट जादा घेतो. रोज ३ तास, म्हणजे महिन्याला ९ युनिटं. यावर एक चांगला उपाय गेमच्या सेटिंगमध्येच आहे. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा. त्याहून जास्त फ्रेम मॉनिटर दाखवूच शकत नाही, पण ग्राफिक्स कार्ड त्या बनवत राहतं आणि तापत राहतं. मर्यादा बांधण्याआधी आणि नंतर वॅट मोजून बघा. किती फरक पडतो ते गेमवर अवलंबून आहे, पण काही गेममध्ये तो डोळ्यांत भरण्याएवढा असतो. गेम पॉज करून जेवायला जाण्याची सवयही सोडायला हवी, कारण पॉज केलेल्या गेममध्येही कार्ड पूर्ण जोरात चालू असू शकतं.

राहिला नवीन यंत्र घेण्याचा प्रश्न. जुना डेस्कटॉप काढून कमी वीज घेणारा छोटा कॉम्प्युटर घ्यावा का? समजा ६० वॅट वाचले. रोज ८ तास, २६ दिवस, म्हणजे साडेबारा युनिटं, म्हणजे महिन्याला १६२ रुपये, वर्षाला दोन हजारांच्या आत. २५,००० रुपयांचं यंत्र नुसत्या विजेतून वसूल व्हायला बारा वर्षांहून जास्त लागतील. विजेसाठी म्हणून घेऊ नका. जुन्यात एसएसडी घाला आणि तो वापरत राहा. कार्यक्षमतेची ८० प्लस ही मोहोर असलेला एसएमपीएसही जुना बिघडल्यावर घ्यावा, चालू असलेला काढून नव्हे. आतल्या भागांना १०० वॅट लागत असतील तर ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून १२५ घेतो, ९० टक्क्यांचा १११. चौदा वॅटांचा फरक आहे, तो साधा कॉम्प्युटर वापरणाऱ्याला जाणवणार नाही.

कॉम्प्युटर २४ तास चालू ठेवावाच लागत असेल, तर मात्र हेच गणित उलटं उत्तर देतं. घरातल्या सगळ्यांचे फोटो साठवायला, कॅमेऱ्यांचं चित्रण ठेवायला किंवा एखादं सॉफ्टवेअर अखंड चालवायला पुष्कळ लोक जुना डेस्कटॉप कोपऱ्यात लावून ठेवतात, कारण तो फुकट पडलेला असतो. ५५ वॅट, २४ तास, ३० दिवस, म्हणजे साडेएकोणचाळीस युनिटं. त्याच कामाला एकाच बोर्डावर मावणारा ७ वॅटचा छोटा कॉम्प्युटर लावला तर पाच युनिटं. साडेचौतीस युनिटांचा फरक दुसऱ्या टप्प्यात महिन्याला ४५० रुपयांच्या घरात जातो, वर्षाला पाच हजारांच्या वर. फुकट पडलेला तो डेस्कटॉप दोन वर्षांत दहा हजारांची जादा वीज खातो. तेवढ्यात तो छोटा कॉम्प्युटर आणि डिस्क घेऊन पैसे उरू शकतात. अशा कामासाठी जुना डेस्कटॉप लावण्याआधी त्याचे वॅट एकदा मोजा, आणि लावून झाला असेल तर आजच मोजा.